पटावरचे खेळ बनवण्याचं काम, आणि मात्रांपाशी अडलेला एक खेळ (बडोदा)

सोंगटी (धागाकर्ती) | रविवार, रात्री १०:१५

गेल्या आठवड्यात दांडिया बाजारात एका मुंजीला गेले होते. पंगतीत शेजारच्या मावशींनी विचारलं, "तू काय करतेस गं?" म्हटलं, पटावरचे खेळ आणि कोडी तयार करते. "म्हणजे मुलांचे क्लास घेतेस?" तेवढ्यात जिलबी आली आणि उत्तर राहून गेलं. इथल्या दोघांनीही व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून हेच विचारलं होतं, म्हणून सविस्तर लिहिते. शेवटी माझा एक प्रश्न आहे. चार महिने अडलाय. त्यासाठी तरी पूर्ण वाचा.

मी बडोद्याचीच. हे काम ११ वर्षं करते आहे. त्याआधी मकरपुऱ्यात एका पॅकेजिंग कारखान्यात नोकरी केली. पुठ्ठा कुठल्या बाजूने दुमडला की तडकतो, खोक्याचं झाकण किती घट्ट असावं, हे तिथे हातांना कळलं. आजवर ५ खेळ छापून आलेत. वह्यांमध्ये अर्धवट पडलेले ६० च्या वर असतील.

या कामाचं पहिलं शिक्षण मला आजीच्या चल्लसमधून मिळालं. शेजारचे पटेल त्यालाच इस्टो म्हणायचे. पाच गुणिले पाच, २५ घरं, चार कवड्या. एक उताणी पडली तर १, दोन २, तीन ३, चारही उताण्या ४, आणि चारही पालथ्या तर ८. चार आणि आठला परत दान. हिशेब केला की यातली करामत दिसते. कवडी नाण्यासारखी निम्म्या वेळा उताणी पडते असं धरलं, तर १६ वेळांत २ पडतात ६ वेळा, आणि चार किंवा आठ एकेकदाच. म्हणजे जे क्वचित पडतं त्यालाच मोठं बक्षीस, वर परत दान. कवडी नाण्यासारखी पडत नाही, ही आणखी एक गंमत. पाठ किती फुगीर, तोंड किती घासलेलं, यावर तिचा स्वभाव ठरतो. आजीच्या डब्यातली एक कवडी सहसा उताणी होत नसे आणि ती आम्हा सगळ्यांना ओळखू यायची.

आमच्या घरच्या नियमांप्रमाणे दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नसे. हा एक नियम काढून खेळून बघा. सगळे आपापल्या वाटेने गुमान चालतात, कुणी कुणाला भेटत नाही. तो ठेवला की भित्र्या माणसालाही भांडावं लागतं. एका नियमाने माणसं एकमेकांकडे वळतात. माझं सगळं काम असा एक नियम शोधण्याचं आहे.

आता दिवसाचं. सकाळी ७ ते ९ नियम लिहिते. खेळ डोक्यात तयार असतो, पण अनोळखी माणसाला तो कागदावरून कळायला हवा, आणि तिथे मी शेजारी नसते. चार पानांची नियमपत्रिका मी वीस-पंचवीस वेळा पुन्हा लिहिते. "खेळाडू एक पत्ता घेतो" असं लिहिलं की प्रश्न येतात. कुठून? उघडा की झाकलेला? घ्यायलाच हवा का? गठ्ठा संपला असेल तर?

दुपारी कापाकापी. स्टीलची पट्टी, कटर, पुठ्ठा, जुने पत्ते प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून त्यावर माझ्या चिठ्ठ्या. पहिल्या नमुन्याला मी चित्र काढत नाही. चित्र सुंदर झालं की त्यातलं काही टाकून द्यायला हात धजत नाही, आणि सुरुवातीला टाकावं तर निम्मं लागतं.

संध्याकाळी चाचणी. या कामातलं सगळ्यात कठीण तेच. पहिल्या काही वेळा मी स्वतः खेळते, मग बाजूला बसते, आणि शेवटच्या टप्प्यात लोकांना खोका देऊन गप्प बसते. नियम चुकीचा वाचला तरी बोलायचं नाही. वहीत तीन रकाने असतात: कुठे थांबले, काय विचारलं, आणि आपली पाळी नसताना कुठे बघत होते. तिसरा रकाना माझा सगळ्यात लाडका. माणूस पटाकडे बघत असेल तर खेळ जिवंत आहे. खिडकीकडे बघायला लागला की माझं काहीतरी चुकलंय, मग तोंडाने तो कितीही "छान आहे हो" म्हणू दे.

सोंगट्यांसाठी मी संखेड्याला जाते. बडोद्याहून तासा-सव्वा तासाची वाट. तिथले खरादी सागवान चरकावर फिरवून त्यावर लाखेचा रंग चढवतात. कथलाच्या रंगाने काढलेल्या नक्षीवर लाख बसली की ती सोन्यासारखी दिसते. मी फक्त साधी, एकरंगी सोंगटी मागते. पहिल्या खेपेला मी नक्षीचीच मागितली होती. ती खुर्चीच्या पायावर शोभते, पण पटावर डोळा तिच्यात अडकतो आणि कोण कुठल्या घरात आहे ते दिसत नाही. तिथल्या कारागीर काकांनी हे माझ्याआधी ओळखलं होतं. मी हट्ट धरला म्हणून त्यांनी निमूटपणे तशा करून दिल्या होत्या.

आता माझा प्रश्न. मराठी शब्द जुळवण्याचा खेळ करते आहे, अक्षरांच्या लाकडी चौकटी पटावर मांडून. इंग्रजीत हे सोपं, २६ अक्षरं. स्क्रॅबल बनवणाऱ्या आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून कुठलं अक्षर किती वेळा ठेवायचं ते ठरवलं. मीही मोजली, जुन्या मासिकांतून, पेन्सिलने रेघा मारून. पण मराठीत चौकट कसली करायची? "क" वेगळा आणि काना वेगळा? की का, कि, की, कु, कू सगळ्या वेगळ्या? दुसरा मार्ग धरला तर पोतंभर चौकटी होतात. पहिला धरला, अक्षरं लाकडावर आणि मात्रा पारदर्शक पट्ट्यांवर, तर पट्ट्या घसरतात. पहिली वेलांटी मागून लावू की पुढून यात मुलं अडकतात, आणि रफार तर कुठेच बसत नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे आडव्या शब्दात "पा" असेल तर उभ्या शब्दातही "पा"च लागतो. पट फुलतच नाही.

कुणाला काही सुचत असेल तर सांगा.

छपाईवाला | रविवार, रात्री ११:०२

ताई, आमचा छापखाना रावपुऱ्यात, वडिलांपासूनचा. पूर्वी लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं, आता खोकी आणि लेबलं. खेळ छापून घ्यायला येणाऱ्यांसाठी एक सांगतो. आमच्या मशीनवर एका शीटवर ५४ पत्ते बसतात. तुमच्या खेळात ५५ पत्ते असले तर त्या एका पत्त्यासाठी दुसरी शीट, दुसरी प्लेट. डिझाइन करतानाच हे विचारायला या. लोक सगळं पक्कं करून येतात आणि मग दर ऐकून नाराज होतात.

पंचिंगची डाय, म्हणजे पत्ते कापायचा साचा, एकदा बनली की त्यात बदल नाही. आणि १००० प्रतींच्या खाली ऑफसेट परवडत नाही, हे काही आम्ही मुद्दाम करत नाही. प्लेट लावायला, रंग जुळवायला जेवढा कागद वाया जातो तो १०० प्रतींनाही तेवढाच जातो.

सोंगटी | रविवार, रात्री ११:२०

अगदी खरं, दादा. माझ्या तिसऱ्या खेळात ६० पत्ते होते. छापखान्यातून परत आले आणि ५४ वर आणायला बसले. सहा पत्ते काढताना कळलं की ते सहा कधीच नव्हते लागत. खेळ दहा मिनिटांनी आटोपशीर झाला.

पुणेरी_हिशेब | सोमवार, सकाळी ८:३५

लेख आवडला. थेट विचारतो, राग मानू नका. यावर घर चालतं का? आकडे सांगाल?

सोंगटी | सोमवार, दुपारी १:५०

राग कसला, हे विचारायलाच हवं.

माझ्या एका खेळाची छापील किंमत ७९९ रुपये. दुकानदार आणि वितरक यांचं जाऊन प्रकाशकाच्या हाती साधारण ३६० रुपये येतात. माझा करार त्या रकमेवर ६ टक्क्यांचा, म्हणजे खोक्यामागे २१ रुपये ६० पैसे. पहिली १००० ची आवृत्ती संपायला दोन वर्षं लागली. दोन वर्षांत २१,६०० रुपये. तो खेळ बनवायला मला १४ महिने लागले होते.

घर चालतं ते इतर कामांवर. दोन नियतकालिकांना दर महिन्याला कोडी देते. शाळांसाठी गणिताचे आणि भूगोलाचे खेळ करून देते. कंपन्या आपल्या प्रशिक्षणासाठी खेळ मागतात, त्यात सगळ्यात चांगले पैसे मिळतात आणि त्यावर माझं नाव नसतं. स्वतः छापून विकायचं तर आमच्यात ठोकताळा असा की बनवायला जेवढा खर्च, त्याच्या पाचपट तरी छापील किंमत हवी. नाहीतर दुकानाचा वाटा, वाहतूक आणि फुटक्या कोपऱ्यांची खोकी यांत सगळं जातं.

शिवाय खेळणी म्हटलं की भारतीय मानक ब्यूरोचा (आयएसआय चिन्हवाल्यांचा) विषय येतो. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांना त्यांचं चिन्ह बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना सूट आहे, पण मी त्यांच्या सोंगट्या माझ्या खोक्यात घालून विकते, तेव्हा ती सूट आपोआप मला मिळते असं मी धरत नाही. मोठ्यांसाठीचा खेळ असेल तर तो खरोखर मोठ्यांसाठीच आखते. आत लहानांचा खेळ आणि वर "१४ वर्षांवरील" असं मला छापायचं नाही.

सूरसागर | सोमवार, दुपारी ३:१०

प्रामाणिक लिहिलंय म्हणून प्रामाणिकपणे सांगतो. माझ्या घरी चार माणसं, चार फोन. ८०० रुपयांचा खोका आणला तर दोनदा खेळतील आणि माळ्यावर जाईल. आम्ही लहानपणी जमिनीवर खडूने पट आखायचो, कवड्या घरच्या. खेळाला पैसे पडायचेच नाहीत. हा धंदा मुळात शहरी हौसेचा नाही का?

सोंगटी | सोमवार, रात्री ९:३०

काका, खडूचा पट मलाही प्रिय आहे आणि त्याची जागा कुठलाही खोका घेणार नाही. पण तो पट शिकवायला घरात आजी होती. नियम तिच्या तोंडात होते. आज माझ्या इमारतीतल्या मुलांना चल्लस येत नाही, कारण त्यांना ते शिकवणारं कुणी घरी नाही. नियमपत्रिका लिहिते तेव्हा मी त्या आजीचं काम करत असते.

किंमत जास्त आहे हे मान्य. म्हणून माझा दुसरा खेळ एका घडीच्या कागदावर आहे, सोंगट्यांऐवजी चिंचोके. तो ६० रुपयांना जातो आणि सगळ्यात जास्त खपलेला तोच आहे.

पाटीपेन्सिल | मंगळवार, सकाळी ७:४५

माझी मुलगी ११ वीत आहे. घरातल्या प्रत्येक खेळाचे नियम बदलते, चुलत भावंडांना बसवून खेळायला लावते. तुमचं लिखाण तिला वाचून दाखवलं. आता म्हणते मला हेच करायचंय. शिक्षण काय घ्यावं, ताई? आम्ही कारेलीबागेत राहतो.

सोंगटी | मंगळवार, दुपारी २:०५

तुमच्या मुलीला माझा नमस्कार सांगा. नियम बदलून बघते, म्हणजे काम सुरूच झालंय तिचं.

सरळ शिक्षण हवं असेल तर राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर आवारात खेळणी आणि खेळांच्या डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्याआधीची पदवी कशाचीही चालू शकते, पण संभाव्यता पक्की करायला सांगा. दोन फाशांची बेरीज ७ येण्याचे ३६ पैकी ६ मार्ग असतात आणि १२ येण्याचा एकच, हे पाठ असून उपयोग नाही. ते पट आखताना बोटांत यायला हवं. चित्रकलेकडे ओढा असेल तर आपल्या सयाजीराव विद्यापीठाची ललितकला विद्याशाखा १९५० पासून इथेच आहे. माझ्या तीन खेळांची चित्रं तिथे शिकलेल्यांनीच काढलीत.

आणि आजपासून एक वही. खेळलेल्या प्रत्येक खेळाबद्दल दोनच ओळी: कंटाळा कधी आला, आणि का. "मजा आली" हे लिहायचं नाही, त्यातून काही हाती लागत नाही.

तिला रविवारी कमाटीबागेत घेऊन या, चाचणी ठेवणार आहे. आईवडिलांपैकी कुणीतरी सोबत असू द्या.

लष्करकर | मंगळवार, संध्या. ६:२०

ग्वाल्हेरहून लिहितोय. आमच्याकडे पणजोबांच्या वेळचा गंजिफाचा डबा होता, दशावतारी, गोल पत्ते, सावंतवाडीचा. दहा अवतार, प्रत्येकी १२ पत्ते, १२० चा पूर्ण डाव. आता ९७ उरलेत, आणि खेळता येणारं घरात कुणी नाही. ते पत्ते हातात घेतले की वाटतं, हे रंगवणारा माणूस कोण असेल. त्याचं नाव कुठेही नाही.

त्यावरून विचारतो. तुमचा खेळ कुणी उचलला तर कायदा काय म्हणतो?

सोंगटी | मंगळवार, रात्री १०:४०

दादा, ९७ पत्त्यांचं वाचून पोटात तुटलं. ते उन्हापासून आणि दमटपणापासून जपा. कुणी जुना जाणकार भेटला तर त्यांच्याकडून खेळण्याची रीत लिहून घ्या. चित्रं उरतात, नियम उरत नाहीत.

कायद्याचं सांगते. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्येच लिहिलंय की खेळ खेळण्याची पद्धत हा शोध मानला जात नाही, म्हणजे त्यावर पेटंट नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा माझ्या नियमपत्रिकेतली वाक्यं, पटावरचं चित्र, पत्त्यांची मांडणी राखतो. "सोंगटी मारल्याशिवाय आत शिरायचं नाही" ही कल्पना नाही राखत. सोंगटीचा आकार २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवता येतो, १० वर्षं आणि वाढवून आणखी ५. नाव ट्रेडमार्क करता येतं. एवढंच.

कल्पना मोकळी असावी हे मला पटतं. चल्लसवर कुणी हक्क सांगितला असता तर मी काय खेळले असते? पण नावाची गोष्ट वेगळी. माझा पहिला खेळ ज्यांनी छापला त्यांनी खोक्यावर माझं नाव घातलं नाही. आतल्या पत्रिकेतही नाही. विचारलं तर म्हणाले, खेळावर कोण लेखक छापतं? पुस्तकावर छापतात, खेळावर नाही. मी नवीन होते, घरी येऊन रडले.

नंतर वाचनात आलं. १९८८ मध्ये न्यूरेंबर्गच्या खेळण्यांच्या जत्रेत १३ खेळकर्ते एकत्र बसले होते. बिअरच्या ग्लासाखाली ठेवतात त्या पुठ्ठ्याच्या चकतीवर त्यांनी लिहिलं, की ज्या खोक्यावर वरच्या बाजूला आमचं नाव नसेल त्या प्रकाशकाला आम्ही खेळ देणार नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. आज जर्मन खेळ हातात घ्या, वर नाव असतं. क्लाउस टॉयबर दातांच्या प्रयोगशाळेत काम करायचे. त्यांचा कातान हा खेळ १९९५ मध्ये आला तेव्हा खोक्यावर त्यांचं नाव होतं.

याच्या उलट लिझी मॅगी. त्यांनी १९०४ मध्ये जमीनदारीचा खेळ पेटंट करून घेतला होता, जमीन मूठभरांच्या हाती गेली की बाकीचे कसे कंगाल होतात ते दाखवायला. तोच खेळ हातोहात बदलत मोनॉपली झाला. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने मॅगींकडून हक्क घेतले, ५०० डॉलरला. खेळाचा कर्ता म्हणून मात्र कितीतरी वर्षं दुसऱ्याच माणसाचं नाव सांगितलं गेलं. आपण सगळे लहानपणी व्यापार खेळलो, तोही त्याच घराण्यातला.

तेव्हापासून माझ्या करारात पहिलं कलम नावाचं असतं, पैशाचं दुसरं. या अटीपायी दोन करार हातचे गेले. त्याचं मला दुःख नाही.

निळी शाई | बुधवार, सकाळी ११:१५

इंदूरहून. मी २२ वर्षं मराठी शब्दकोडी बनवते, दिवाळी अंकांसाठी आणि एका साप्ताहिकासाठी. तुमची मात्रांची अडचण माझी रोजचीच आहे, म्हणून लिहायला बसले.

आपल्या शब्दकोड्यात एका चौकोनात एक अक्षर, मात्रेसकट. जोडाक्षरही एकाच चौकोनात. खरी गाठ पडते ऱ्हस्व-दीर्घाची. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, आणि शेवट दीर्घ असला की उपान्त्य बहुतेक ऱ्हस्व. म्हणजे "गती"चा "ती" मला शेवटी मिळाला. त्यावरून खाली उतरायला "ती"ने सुरू होणारा शब्द हवा. तीळ, तीर, तीन चालतात. तिखट, तिकीट, तिजोरी, तिरका नाही चालत. आणि आपल्याकडे "ति"वाले शब्दच ढिगाने. कोडं रचताना मी उजव्या खालच्या कोपऱ्यापासून सुरू करते, कारण शब्दांचे शेवट तिथे जमतात आणि अडतंही तिथेच. "णे"ने संपणारी क्रियापदं घालून सुटका करून घेता येते, पण एका कोड्यात तीनपेक्षा जास्त "णे" आले की तो माझा आळस, असं मी मानते.

तुम्ही पट्ट्या सोडा. त्यातून सुटका नाही.

दफ्तरखाना | बुधवार, रात्री ८:५५

चिरंजीव सोंगटी, मी ७४ वर्षांचा आहे. नोकरीतली बरीच वर्षं गायकवाडी काळचे मोडी कागद वाचण्यात गेली. खेळातलं मला काही कळत नाही, पण तुमचा प्रश्न वाचून एक सुचलं ते लिहितो.

मोडीत वेलांटी एकच आणि उकारही एकच. ऱ्हस्व-दीर्घ हा भेद लिहिणारा पाळत नाही. त्याला हात न उचलता भराभर पुढे जायचं असतं. वाचणारा संदर्भावरून लावून घेतो. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा हिशेब, जमिनीचा तंटा, घोड्यांच्या दाण्याचा खर्च, सगळं मी असंच लावून वाचलं आहे आणि फारसं अडलं नाही.

तुमच्या चौकटीवर मात्रा लिहायलाच हवी का? ती खेळणाऱ्याने लावून घ्यावी.

सोंगटी | बुधवार, रात्री ९:१०

काका. हे मी तीनदा वाचलं. उठून कटर घेते.

सोंगटी | गुरुवार, पहाटे १:३०

झोप लागेना म्हणून लिहिते. असा नियम केला: चौकटीवर नुसतं व्यंजन. "क" म्हणजे क, का, कि, की, कु, के, को, काहीही. मांडणारा शब्द मोठ्याने उच्चारतो. सगळ्या स्वरांसाठी मिळून "अ" ही एकच चौकट. जोडाक्षरासाठी शेजारच्या अक्षराचा पाय मोडायचा, म्हणजे र, स, त मांडून "रस्ता" म्हणता येतो. ङ आणि ञ काढून टाकले. पोतं होतं ते मूठभर झालं.

आणि उभा-आडवा प्रश्न सुटला! एकच "त" आडव्यात "गती"चा ती आहे आणि उभ्यात "तिखट"चा ति.

निळी शाई | गुरुवार, सकाळी १०:२०

सुंदर. पण आता उलटी अडचण. "क, र" मांडलं की कर, करा, कोरा, केर, कोर, कारा, किरा... दोन अक्षरांत काहीही म्हणा, शब्द होतोच. खेळाडूला विचारच करावा लागणार नाही. निदान तीन चौकटींची अट घाला. आणि एकाच चौकटीला आडव्यात एक मात्रा आणि उभ्यात दुसरी लागली तर जादा गुण द्या. माझ्या कोड्यात जिथे मी अडते, तिथेच तुमच्या खेळाडूला बक्षीस मिळू दे.

छपाईवाला | गुरुवार, दुपारी १२:४०

चौकटी लाकडाच्या असतील तर छपाई स्क्रीनने करा, स्टिकर उन्हाळ्यात सुटतात. नमुन्यासाठी दोन मिलिमीटरचा कप्पा बोर्ड (जाड पुठ्ठा) माझ्याकडे उरलेला आहे, संध्याकाळी घेऊन जा. पैसे नकोत.

सोंगटी | रविवार, रात्री ९:४५

कमाटीबागेतली चाचणी झाली. झाडाखाली सतरंजी, दोन डबे लीलो चिवडा, तीन गट, एकूण ११ जण. मी लांब बसले, बोलले नाही.

पहिला गट दोन अक्षरांची मुभा ठेवून खेळला. निळी शाई म्हणाल्या तसंच झालं, वीस मिनिटांत पट भरला आणि दोघं तळ्याकडे बघत होते. दुसऱ्या गटाला तीन चौकटींची अट आणि दुहेरी मात्रेचे जादा गुण. पाऊण तास चालला. पाटीपेन्सिल यांची मुलगी त्यात होती. तिने "म, ठ, स" वरून खाली "मिठास" म्हटलं आणि आडव्यातल्या "मोगरा"चा म वापरला, तेव्हा समोरच्या आजी म्हणाल्या, "मिठास मराठी कुठे?" दोघी दहा मिनिटं वाद घालत होत्या आणि बाकीचे पट सोडून त्यांच्याकडे वळले होते. वहीत लिहिलं: शब्द मराठी आहे की नाही हे कोण ठरवणार, याला नियम हवा. बडोद्यात तर हवाच. अर्धे शब्द आपण गुजरातीतून आणतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. सध्या ठरवलंय, तीनपैकी दोघांना मान्य असेल तर शब्द धरायचा.

तिसरा गट नुसता कागद वाचून खेळला. नियम ४ वर थांबले. दोनदा वाचला, तिसऱ्यांदा मोठ्याने वाचला, मग आपल्या मनाने काहीतरी लावून पुढे गेले. आज रात्री नियम ४ पुन्हा लिहायचा आहे.

दफ्तरखाना काका आणि निळी शाई ताई, नियमपत्रिकेच्या पहिल्या पानावर आणि खोक्याच्या मागे तुमची नावं घालायची आहेत. कशी लिहू ते कळवा. नियम ४ चा मजकूर दोघांनाही व्यनिने पाठवते आहे.

निळी शाई | सोमवार, सकाळी ९:०५

पूर्ण नाव व्यनिने कळवलं. २२ वर्षांत माझ्या एकाही कोड्याखाली ते छापलेलं नाही.

दफ्तरखाना | सोमवार, सकाळी ११:३०

माझं नाव नको, "एक मोडीवाचक, बडोदे" असं लिहा. बडोदे, बडोदा नव्हे.

नियम ४ वाचला. त्यात दोनदा "परंतु" आहे. पहिला काढा, म्हणजे दुसरा कळेल.